पाऊण तासाच्या वरचं

परवा कपाट आवरताना मार्करनं 'ओव्या' लिहिलेली जुनी सीडी हाताला लागली आणि क्रांती चौकातल्या त्या सायबर कॅफेतला उदबत्तीचा अन् तापलेल्या कॉम्प्युटरचा वास नाकात शिरला. तिथं गेले त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगात माझ्या धनगर बापाला ओव्या म्हणायला पाच मिनिटं दिली होती. "पाच मिनिटांत देवाचं नाव पण घेऊन होत नाय," म्हणत तो न गाताच ढोल उचलून पैठणच्या एसटीत बसला. मी मात्र इरेला पेटले, आणि लोक एकमेकांच्या फायली उतरवून घ्यायचे त्या सॉफ्टवेअरमध्ये 'धनगर' टाकून शोधत बसले. शेकडो फायली आल्या, सगळी फिल्मी गाणी आणि रिमिक्स. कॅफेवाले काका मागून हसले, "ताई, मेंढरांमागची गाणी कोण टाकतं इथं? नाद सोडा." मी फिल्टर उघडला, प्रकार 'ऑडिओ' केला आणि कमीत कमी लांबीच्या रकान्यात पंचेचाळीस मिनिटं भरली. पाच-पाच मिनिटांची सगळी गाणी एका झटक्यात गळाली, एकच फाईल उरली. हीच पुढं मी सीडीवर घेतली. ती उतरल्यावर हेडफोनमध्ये ढोल घुमला आणि कुणा अनोळखी धनगराचा खडा आवाज लागला. मी हेडफोन काकांच्या कानाला लावला. जरा वेळानं ते म्हणाले, "किती वेळ चालतं हे?" म्हटलं, "बसा काका. संपलं की सांगते." आता कार्यक्रमांतून बापाच्या ओव्या मी म्हणते. आयोजक म्हणतात, "ताई, पाच मिनिटांत आटपा." मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्याच हातात देते आणि ढोलवाल्याला खूण करते.