कापूर मीच चोळला

माझी मुलगी चार महिन्यांची होती. सकाळी दूध पाजून तिला खाली ठेवलं, तर तिचा डावा हात थडथड उडायला लागला आणि डोळे एका बाजूला फिरले. शेजारीण फोडलेला कांदा घेऊन धावली, नाकाशी धरायला. मी खेकसले, "कांदा भाजीत घाला, आधी टॅक्सी बोलवा!"

लालबागहून परळच्या इस्पितळात पोचेस्तोवर झटके थांबले, पण पोर मलूल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी टाचेतून रक्त घेऊन साखर बघितली. ती ठीक होती. मग प्रश्नांची सरबत्ती. ताप होता? पडली का? जन्मली तेव्हा लगेच रडली होती? पावडरचं दूध पातळ करून देता? कॅल्शियम कमी असेल, मेंदूत जंतू गेले असतील, काहीही असू शकतं म्हणाल्या. कारण सापडलं नाही तर पाठीत सुई घालून पाणी काढावं लागेल.

"काही घरगुती? चोळलंत, हुंगवलंत?"

"छे! आमच्याकडे असलं काही चालत नाही," मी ठसक्यात सांगितलं. शिकलेली ना मी!

माझी सासू मागे उभी होती. बाजारात मासळी विकणारी बाई. 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. ती पुढे आली.

"कापूर मीच चोळला. खोबरेलात कढवून, सर्दीसाठी. छातीला नि नाकाखाली, तीन दिवस. हिला नाय माहीत."

"एवढ्याशा बाळाच्या अंगात कापूर कातडीतूनही शिरतो आजी, त्यानं झटके येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं झालं बोललात."

पोरीला स्वच्छ धुऊन देखरेखीखाली ठेवलं. पुन्हा झटका आला नाही, सुईही टळली. मला मात्र असा राग आला होता, खोटं कशाला बोलू, की दोन दिवस मी सासूशी बोलले नाही.

घरी सोडणार त्या दिवशी वॉर्डातल्या एकीनं विचारलं, "कशानं झालं हो?"

"असंच, सर्दीनं," नवऱ्यानं आईला सांभाळून घेतलं.

"असंच कसं?" सासू कडाडली. "माझ्या हातानं झालं! कापूर चोळला मी. तुमच्यात कोण कोण लावतंय? खरं बोला!"

समोरच्या खाटेवरच्या आईनं मान खाली घालून बाळाच्या गळ्यातली कापराची पुरचुंडी सोडली.

"कोण गं ही बाई?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"माझी सासू आहे," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.