मोहाचा डबा

कृष्णकांतराव ठवकरांच्या गोदामात रानातल्या सगळ्या झाडांचे डबे होते. एक मोहाचा तेवढा कधीच नव्हता.

रोपवाटिकेच्या त्या बियाण्याच्या गोदामात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे प्रत्येक झाडाची तऱ्हा निराळी. सागाचं बी म्हणजे हट्टी पोर. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं आठवडाभर छळल्याशिवाय कूस बदलायचं नाही. धावड्याचं बी बघावं तर पोतंभर आणि ब्लेडने कापून बघावं तर बहुतेक पोकळ. देवाने नुसती टरफलं करून खाली टाकावीत, तसं. बाकीची मात्र गुणी. ऐन, बिजा, बेहडा यांना चांगलं ऊन दाखवून डब्यात बंद केलं की निजून राहायची आणि पाण्याचा हात फिरला की जागी व्हायची.

मोहाचं गणित उलटं. ते बी वाळलं की मेलं. फळातून सुटलं की ओल्या मातीत जायला हवं, नाहीतर फार तर ओल्या रेतीत थोडे दिवस दम धरतं. त्याला ऊन म्हणजे काळ. म्हणून त्याचा डबा नाही.

आणि नेमकं तेच झाड त्यांच्या आईचं. बायजाबाईंचं माहेर रामटेकच्या पलीकडे एका खेड्यात. तिथे वाटेच्या कडेला एक जुना मोह होता. लहानपणी भल्या पहाटे त्या त्याखाली फुलं वेचायला जायच्या. दुसरे मोह एखाद्या वर्षी रुसायचे, हा कधी रुसला नाही, असं त्या सांगायच्या. लग्न होऊन सक्करदऱ्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. पण फाल्गुन लागला की विचारायच्या, "किसना, मोह फुलला असन नाही का गा?" मग कृष्णकांतराव सुट्टी बघून जायचे आणि ओंजळभर फुलं आणून आईच्या पुढ्यात ठेवायचे. त्या आधी देवाला वाहायच्या, मग एक तोंडात टाकायच्या.

त्याच झाडाचं एक रोप दारात लावायचं, हे कृष्णकांतरावांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. पण मोहाची फळं पिकायची ती ऐन मृगाच्या सुमाराला, आणि तेव्हा रोपवाटिकेत श्वास घ्यायला फुरसत नसायची. पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणायचे. निवृत्त झाले तर गुडघे कुरकुरायला लागले. "झाड काय कुठं पळून जाते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा फुलं आणायला गेले, तर रस्ता रुंद करायचं काम तिथवर आलेलं. मोहाच्या खोडाची साल एका जागी तासून त्यावर लाल रंगाने तोडणीचा आकडा टाकला होता. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. लपवलं नाही, कारण आईपासून काही लपत नसे.

बायजाबाई बराच वेळ फुलांवरून बोटं फिरवत राहिल्या. "मंग एक दारापाशी लाव," म्हणाल्या. "मले आता सावली नाही पाहिजे. पण झाड पाहिजे."

ज्येष्ठात ते परत गेले. तेलासाठी बिया वेचणाऱ्या बायका त्याआधीच झाडाखाली बसलेल्या. त्यांनी म्हाताऱ्या माहेरवाशिणीचं नाव ऐकलं आणि आपल्या टोपल्यांतली ताजी फळं त्यांच्या पिशवीत ओतली. घरी येऊन कृष्णकांतरावांनी गर काढला. तपकिरी, तुकतुकीत बिया एका माठात ओल्या रेतीत थरांनी लावल्या, वर भिजलेलं गोणपाट टाकलं आणि मागच्या पडवीत सावलीला ठेवलं. रोपांच्या पिशव्यांत माती भरायला घेतली. निम्म्या भरून झाल्या होत्या, तेवढ्यात आतून नीलाताईंनी, त्यांच्या पत्नीने, हाक मारली. आईंना ताप चढला होता.

तो ताप उतरला नाही. आई मधूनमधून जयाचं नाव घ्यायची. जया कृष्णकांतरावांची धाकटी बहीण, कन्हानला दिलेली. तिला फोन केला तर म्हणाली, "रविवारी येईन गा दादा, घरी पाहुणे आहेत." आई शुक्रवारीच गेली.

थोरला मुलगा म्हणून अग्नी कृष्णकांतरावांनी दिला. मग घोंगडीवर बसणं आलं, कोणाला शिवायचं नाही, एकदा जेवायचं. समोरच्या खोलीत बसल्या जागेवरून त्यांना पडवीचं दार दिसायचं, माठ दिसायचा नाही. सुतकात बी पेरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरी एकदा त्यांनी नीलाताईंना हळूच विचारलं, "आईचंच झाड आहे. पेरलं तर काय होते?"

"तेरवी होऊ द्या ना," नीलाताई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता, रेतीत दम धरते. मी पाणी शिंपडून राहिली ना रोज."

त्याही खोटं बोलत नव्हत्या. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं माठावर शिंपडायच्या. रीत मोडून लावलेलं झाड आईला आवडलं नसतं, असं कृष्णकांतरावांनी मनाशी घेतलं.

दहावा कन्हान नदीच्या काठी केला. पिंड मांडले. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढत चाललं. पाऊस लांबलेला, नदीची रेती पायाला चटके देत होती. कृष्णकांतरावांनी हात जोडून म्हटलं, "आई, सगळं नीट करीन." कावळा हलला नाही. मामेभावाने काही म्हटलं, नीलाताईंनी काही म्हटलं. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "काहीतरी अडकलं आहे त्यांचं."

तेव्हा जया पुढे आली. आल्यापासून ती कोणाशी धड बोलली नव्हती, माठातल्या बियांचं तेवढं नीलाताईंकडून ऐकलं होतं. आईचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही, हे तिला सलत होतं. ती रेतीवर गुडघे टेकून म्हणाली, "आई, तुह्या मोहाच्या बिया मी सांभाळतो. दादा सुतकात बसला आहे. मी पाहतो त्याच्याकडं."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कृष्णकांतरावांचे डोळे भरून आले. आईचा जीव झाडात होता तर.

त्याच दुपारी घर धुवून काढलं. दहाव्याला जुनी मातीची भांडी घरात ठेवत नाहीत. पिण्याच्या पाण्याचा माठ गेला, दिव्याच्या पणत्या गेल्या. पडवीतला माठही जाणारच होता. जयाने तो कोणाला उचलू दिला नाही, स्वतः मागे घेऊन बसली. कृष्णकांतराव समोरच्या खोलीत गुरुजींजवळ अकराव्या-बाराव्याची तयारी ऐकत होते. मागून पाण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. बहीण बियांना नव्या भांड्यात हलवते आहे, या विचाराने त्यांना बरं वाटत होतं.

तेरवी झाली, गोड जेवण झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी जया स्टीलचा एक डबा घेऊन भावासमोर आली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता.

"दादा, हे घे. आईची अमानत."

त्यांनी झाकण उघडलं. वर कडुनिंबाचा पाला, मधे एक बिब्बा. खाली बिया, पुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ.

"माठ तं फेकावाच लागला," जया सांगू लागली. "पण मी बिया आधी काढून घेतल्या. कशा सडून राहिल्या होत्या गा त्या रेतीत. काही काहीले तं पांढरे कोंब फुटले होते. त्या खराब झाल्या म्हणून फेकल्या. बाकीच्या चोळून धुतल्या, गच्चीवर साडीवर पसरून रोज कडक ऊन दाखवलं. आता वर्षभर काही होत नाही पाह्य. आई गहू असेच भरे ना."

कृष्णकांतरावांनी एक बी उचललं आणि कानाशी धरून हलवलं. आतला गर वाळून टरफलापासून सुटला होता. खुळखुळ वाजलं.

दारात उभ्या नीलाताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज त्यांनाही ओळखू येत होता.

"छान केलंस," कृष्णकांतराव म्हणाले.

जया गेल्यावर त्यांनी एक बी ब्लेडने उभं चिरलं. आतला गर लाकडासारखा तपकिरी. दुसरं चिरलं, तेही तसंच. मग चिरायचं थांबवलं. बिया रात्रभर पाण्यात घातल्या आणि सकाळी भरलेल्या पिशव्यांत एकेक पेरल्या. माणूस गेलेलं कळत असूनही वैद्याला बोलावतात, तसं ते पेरणं होतं.

त्याच आठवड्यात ते गुडघा आवळून बसने त्या गावाला गेले. झाड नव्हतं. बुंधाही उपटलेला, त्या जागी मुरूम दाबून रोलर फिरलेला. खाली पडलेलं एखादं फळ मिळेल म्हणून ते बांधाबांधाने वाकून फिरले. वेचणाऱ्या बायकांपैकी एक भेटली. तिने सगळ्या बिया तेलाच्या घाण्यावर देऊन टाकल्या होत्या. "अगोदर सांगायचं ना भाऊ," ती म्हणाली. ते परत बसकडे वळले. सांगायला त्यांच्याकडे वर्षं होती.

आषाढ गेला, श्रावण गेला. पिशव्यांत गवत उगवलं ते त्यांनी उपटलं. जयाचा फोन यायचा.

"दादा, उगवल्या का गा?"

"वेळ लागते."

फोन ठेवला की नीलाताई टोचायच्या. "किती दिवस वेळ लावाल? सागालाही एवढा लागत नाही."

"काय सांगू तिले? तू मारल्या म्हणून? ते वचन देऊन बसली आहे."

"तुम्ही नाही सांगितलं तर ती दुसरंच काही धरून बसेल," नीलाताई म्हणाल्या. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

नवरात्रात जयाचा फोन आला नाही. अष्टमीला ती स्वतःच आली. कृष्णकांतरावांनी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. तिला शुगर होती, तरी घटाबरोबर कडक उपास धरले होते, आणि त्याच्याही आधीपासून ती एकदाच, तेही अळणी जेवत होती. नीलाताईंनी पाणी दिलं ते हातात धरून बसली.

"दादा, खरं सांग. उगवलं का एकतरी?"

त्यांनी पडवीच्या दाराकडे पाहिलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्यातल्या चार बिया मी देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. औंदा घटात गव्हाबरोबर त्याही पेरल्या. गहू असा वीतभर आला. अन् त्या काळ्या पडल्या. वास सुटला घटाले. सासू म्हणते, घटात असं होणं चांगलं नाही." तिने पाणी खाली ठेवलं. "आईनं माहं काही घेतलं नाही दादा. रविवारी येईन म्हटलं होतं मी. ते वाट पाहून गेली. कावळा शिवला तो तुमच्या सगळ्यांसाठी, मले तिनं माफ नाही केलं. कोंब दिसत नाही तोवर मी मीठ खाणार नाही म्हटलं आहे."

नीलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

कृष्णकांतराव उठले. "चाल," म्हणाले आणि बहिणीला मागच्या पडवीत घेऊन गेले. ओळीने ठेवलेल्या पिशव्यांपैकी एक उचलली, बोटाने माती उकरली आणि बी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या दाबाने ते चिखलासारखं फुटलं.

"आई रागावली नाही, जये. हे पेरलं तेव्हाच मेलेलं होतं. मोहाचं बी वाळलं की मरते. गव्हासारखं नसते ते."

जया तळहाताकडे पाहत राहिली. "म्हणजे मी वाळवलं म्हणून."

"हो."

"अन् ते कोंब आलेले?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. "ते जिवंत होते," ते म्हणाले.

ती पडवीच्या पायरीवर बसली. शेजारच्या घरातून आरतीची घंटा ऐकू येत होती. ती म्हणाली, "कुठं टाकले ते आठवते मले. कचऱ्याच्या गाडीत. मी स्वतः टाकले." मग मान वर करून म्हणाली, "तू मंग ‘छान केलंस’ काहून म्हणाला?"

"त्या दिवशी दुसरं काय म्हणणार होतो?"

"मले तेव्हाच सांगायचं असतं. मी तीन महिने आईशी भांडून राहिली. रोज देव्हाऱ्यासमोर. काय काय बोलली मी तिले."

बहिणीच्या हातून बिया गेल्या होत्या, आणि कृष्णकांतरावांच्या गप्प राहण्याने तिची आई तीन महिने तिच्यावर रुसून बसली होती. कोणाचं पाप मोठं हे देवीलाच ठाऊक.

"पुढच्या वर्षी?" जयाने विचारलं.

"झाड नाही ना आता."

तिने मान हलवली. तळहात पिशवीच्या मातीत पुसला आणि मोरीवर जाऊन धुतला. नीलाताईंनी पान वाढलं. त्यांनी कोणाला न विचारता डाव्या बाजूला मीठ ठेवलं. जया पानावर बसली, मिठाकडे पाहून थोडी थांबली, मग चिमूट घेऊन भातात कालवली. जेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि घास थांबत नव्हता. खूप दिवसांची उपाशी होती ती.

कृष्णकांतराव पडवीतच राहिले. एकेक पिशवी उपडी करून ते माती टोपल्यात रिकामी करत होते. चाळून घेतलेली, शेणखत घातलेली चांगली माती होती. ती तरी वाया जाऊ द्यायची नव्हती.