अपेक्षित मासे

“गप्पबी इंग्रजीतच बसतीया बघ ही,” घाटावर धुणं आपटणारी एक बाई दुसरीला म्हणाली. मी जाळ्याकडं पाहत राहिले. कॉन्व्हेंटच्या मुलीला मराठी कळत नाही, ही समजूत फार सोयीची असते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी एम.एस्सी. करत होते आणि सरांच्या प्रकल्पात पंचगंगेची तब्येत तपासत होते. वरच्या अंगाला, जिथं नदी अजून नदीसारखी वाहते, तिथले मासे आम्ही आधी पाहिले होते. खोली, वेग, तळातले दगड सारखे असतील तर शहराजवळही तेच मासे असायला हवेत, असा अंदाज मी बांधला होता. आता जाळं टाकायचं आणि त्यातले किती हजर आहेत ते बघायचं. फार गैरहजर असले तर नदी आजारी. मग वरून मिसळणारं सांडपाणी अडवायची शिफारस होणार होती. नदी ठणठणीत निघाली तर फाईल बंद, आणि घाटावरच्या त्या बायकांनी होतं तेच पाणी प्यायचं.

जाळ्यात चिलापी आली. ढिगानं. ही बाहेरच्या देशातून आणलेली, कसल्याही घाणीत सुखानं नांदणारी. अंदाजात तिचं नावच नव्हतं. मरळ मिळाली, पण ती काय, पाण्यात गुदमरली की वर येऊन हवा घेते. अंदाजातल्या महाशीर, वाम, मळ्या यांपैकी कुणी फिरकलं नाही.

“रग्गड मासं हायती की!” नावाडी खूश झाला. “नदीला काय धाड भरलीया?”

सरांचंही तेच मत पडलं. प्रयोगशाळेत त्यांनी माझ्या अंदाजावर पेन्सिल फिरवली. “महाशीर आता इथं कुठला? काढ. वाम? काढ. येणारच न्हाईत त्यांची वाट कशाला बघायची? आणि चिलापी घाल, ती बिचारी आलीय की.”

एका दुपारात, पाण्याचा थेंबही न बदलता, नदी खडखडीत बरी झाली. माझ्या आजोबांचा दमाही सरांनाच दाखवायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात सांडपाण्याचं काय करायचं ते ठरवणारी समिती आली. चहा झाला, भडंग झालं. प्रोजेक्टरवर एकेक पारदर्शिका ठेवणं, एवढंच माझं काम. सरांनी नदी उत्तम असल्याचं जाहीर केलं, माना डोलल्या. तेवढ्यात एका वयस्कर सदस्यानं विचारलं, “कुठले मासे असायला हवेत, हा अंदाज कुणाचा?”

“ह्या पोरीचा,” सर मोठ्या मनानं म्हणाले. “लाजाळू हाय, पण काम चोख.”

सगळे माझ्याकडं वळले. मी हातातली पारदर्शिका खाली ठेवली. नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. तेवढीच अपेक्षा होती.

“माझ्या अंदाजातले जे मासे सापडले नाहीत, ते सरांनी अंदाजातूनच काढून टाकलेत,” मी म्हणाले. “या हिशेबानं आमच्या हॉस्टेलमागचं गटारसुद्धा ठणठणीत आहे की.”