खाटेवरची जागा

धाकटी बहीण रोज संध्याकाळी फोन करायची आणि एकच विचारायची, “अक्का, पोरले एखादी मैत्रीण भेटनी का वं?”

“नही भेटनी,” मी सांगायचे आणि ब्लाउजची बाही पुन्हा मशीनच्या सुईखाली सरकवायचे.

बहीण सोनगीरजवळच्या खेड्यात राहते. तिची मुलगी कॉलेजसाठी जळगावला माझ्याकडे आली. माझा मुलगा पुण्याला, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात जागा भरपूर. पोरगी अभ्यासात चांगली. माणसांशी मात्र तिचं जमायचं नाही. दहावीच्या सुमारास धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. त्याआधी गावाचं तिला घुमी म्हणून झालं होतं, शिष्ट म्हणून झालं होतं, बाहेरचं लागलंय म्हणून दोन ठिकाणी नेऊनही झालं होतं.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, “मावशी, मला एक मैत्रीण पाहिजे. एकच. दोघी असल्या की कोणाकडे बघायचं ते कळत नाही.”

मागणी सरळ होती, म्हणून मला काम सोपं वाटलं. मी म्हटलं, “आपण होऊन बोलायचं. काही सुचलं नाही तर विचारायचं, जेवलीस का?”

तिनं ते मनावर घेतलं. सकाळच्या पहिल्या तासाला, प्रॅक्टिकल चालू असताना, जिन्यात, रोज, प्रत्येकीला. दिवाळीपर्यंत मुली तिला लांबून पाहिल्या की म्हणायला लागल्या, “आली बघ, जेवणवाली आली. सांगा गं, काय काय खाल्लं ते.”

हे तिनंच मला सांगितलं. रडत वगैरे नाही. बसची वेळ बदलली असं सांगावं तसं. मग विचारलं, “मावशी, तू मैत्रिणी कशा केल्या?”

माझ्या मैत्रिणी म्हणजे शेजारच्या बाया, माहेरच्या दोघी आणि काही जुनी गिऱ्हाइकं. त्या केल्या कधी? हात कामात होते, तेवढ्यात त्या झालेल्या होत्या.

थंडी पडली आणि जळगावात भरीत पार्ट्या सुरू झाल्या. आमच्याकडे या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या शेतात धूर दिसतोच. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं शेत असोद्याकडे होतं. वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला की सगळ्यांनी यायचं. पोरीनं दोन दिवस आधी ड्रेसला इस्त्री करून ठेवली. मी तिला गाडीवरून सोडायला गेले. परत वळणार तोच शेतमालकीणबाई आडव्या आल्या.

“ताई, अशा कशा जाता? बांधावर आलेलं माणूस उपाशी जातं का? बसा खाटेवर.”

मी बसले. समोर सगळी धांदल. पोरांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्या पेटवून त्यात ती मोठी हिरवी वांगी टाकली होती. मुली भाजलेली वांगी सोलत होत्या, फुंकर मारत होत्या, एकमेकींच्या गालाला काजळी फासत होत्या. एक जण लाकडी उखळात मिरच्या-लसूण कुटत होता आणि बाकीचे त्याला शिव्या घालत होते.

“अरे मुसळ आहे ते, मोबाइल नाही! जोर लाव जरा.”

“तू ये ना मग. रील काढायला बरी पुढे असतेस.”

आमची पोरगी एका वांग्याजवळ जाऊन उकिडवी बसली. लगेच दोघी धावल्या. “अगं, तू नको. चटका बसेल. तू बस तिकडे मावशींजवळ.” एकीनं तिला हाताला धरून आणून माझ्या शेजारी खाटेवर बसवलं. थोड्या वेळानं ती पुन्हा उठली, कांद्याची पात निवडायला. पुन्हा कोणीतरी प्रेमानंच तिला परत आणली. केळीच्या पानावर पहिलं भरीत तिला वाढलं, पुऱ्याही गरम गरम. फोटो काढताना मधे उभी केली. निघताना सगळ्यांनी हात हलवले.

गाडी चालवताना मी खुशीत होते. घरी येताच बहिणीला फोन लावला. “वर्गातल्या बठ्ठ्या, एकूणएक पोरी तिले जीव लावतस,” असं मी तिला सांगून टाकलं. बहीण तिकडे रडायला लागली, म्हणून मी फोन आवरता घेतला.

पोरगी मोरीपाशी उभी राहून स्वतःचे हात पाहत होती.

“माझे हात काळे झाले नाहीत,” ती म्हणाली.

“बरंच झालं. ती काजळी साबणानं निघत नाही.”

“बाकी सगळ्यांचे झाले. खाटेवर आपण दोघीच होतो. तू पाहुणी होतीस म्हणून. मी का?”

मी मशीनवरचं कापड उगीच झटकलं. तिचं बरोबर होतं. भरीत पार्टीत जो आपला असतो त्याला कोणी बस म्हणत नाही. त्याच्या हातात वांगं देतात आणि वर बोलणी खायला लावतात. पाहुण्याला मान असतो. तिला सगळ्यांनी मान दिला होता.

पुढची पार्टी आव्हाण्याकडे झाली. ती आम्हाला फोटोंमधून कळली.

मी तिला म्हटलं, “आपल्या गच्चीवर करू.” तिनं ग्रुपवर स्वतःच लिहिलं: ‘रविवारी आमच्या गच्चीवर भरीत आहे. सगळ्यांना काम करावं लागेल. मलाही.’ खाली पुष्कळ अंगठे आले. मी एका गिऱ्हाईकबाईंकडून काड्यांचा भारा आणवला, वांगी वर्गाला पुरतील इतकी घेतली.

रविवारी ऊन उतरायला लागलं तरी कोणी आलं नाही. तिच्या फोनवर एकेकीचे निरोप येत होते: पाहुणे आलेत, डोकं दुखतंय, गाडी नाही. ती प्रत्येक निरोप खरा धरून उत्तर देत होती. डोकं दुखणाऱ्या मुलीला तिनं झोपायला सांगितलं.

आम्ही दोघींनीच काड्या पेटवल्या. वांगी निम्मी भाजून झाली तेव्हा जिन्यात पावलं वाजली. यावलकडची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. चपला काढता काढताच म्हणाली, “रविवारी रात्री आमची मेस बंद असते. म्हणून आले. खोटं कशाला बोलू?” मला ती आवडली.

ती भाचीच्या समोर बसली आणि वांगी सोलायला लागली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. वसतिगृहातली बोलली ती एवढंच, “ए, साल राहिलीय बघ तुझ्या वांग्याला. असं कडू भरीत कोण खाईल? पुन्हा सोल.”

भाचीनं पुन्हा सोललं. मी पुऱ्या तळत होते, मान वर केली नाही.

ती मुलगी पोटभर जेवली, उरलेलं डब्यात भरून घेतलं आणि गेली. पुन्हा येते म्हणाली नाही, तू ये असंही म्हणाली नाही.

“ती मैत्रीण झाली का?” भाचीनं विचारलं. तिच्या नखांत काजळी गेली होती.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. हे उत्तर तिला चालतं. खोटं चालत नाही.

सोमवारी तिनं डब्यात दोघींपुरत्या पोळ्या मागितल्या. मी दिल्या. संध्याकाळी डबा अर्धा भरलेला परत आला. ती मुलगी गावी गेली होती, कधी येणार ते हिला ठाऊक नव्हतं. मंगळवारीही तिनं दोघींचा डबा मागितला. मंगळवारीही तो तसाच आला. रात्री मी त्याच पोळ्या कुस्करून फोडणी देऊन खाल्ल्या.

बहिणीचा फोन आला, तोच प्रश्न घेऊन. मी म्हटलं, “थांब जरा. घाई करू नको.”

बुधवारी सकाळी भाची ओट्याशी येऊन उभी राहिली. “दोघींचा,” म्हणाली. मी परातीत आणखी पीठ घेतलं.