बोट थांबायची

अमेरिकेतल्या बॉथेलला ऑफिसनंतर मी नदीकाठच्या ट्रेलवर एकटीच चालते. तिथल्या बाकावर एक गोरे आजोबा बसलेले असतात. एकदा त्यांनी काठी उंचावून मला थांबवलं.

"ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. माझ्या पणजोबांच्या काळी माणसं इथे गाडीतून उतरून आगबोटीत बसत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच काठी, तेच शब्द.

"काल सांगितलंत की," मी हसून म्हणाले.

"माहीत आहे. बायको होती, तोवर ती रोज नव्याने ऐकायची."

मला हसल्याचं वाईट वाटलं. इयरफोन काढून मी त्यांच्याशेजारी बसले.

"आणि गाडीला उशीर झाला तर?"

"बोट थांबायची," आजोबा म्हणाले, आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागले.