फुगे फोडायची बंदूक
शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला डोंबिवलीतल्या मामाचं चिकूचं झाड आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होते. खारी एकही चिकू धड पिकू द्यायच्या नाहीत, म्हणून चिडलेल्या मामाने जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या शेजाऱ्याची छऱ्यांची बंदूक मागून आणली आणि तिला शिवणयंत्राचं तेल पाजलं. सकाळभर त्याने छर्रे उडवले. पानं फाटली, पण खार शेपटी झटकत दुसऱ्या फांदीवर जायची आणि पुन्हा खायला बसायची. मला हसू आवरेना. याच बंदुकीने मी दर नवरात्रात हरले होते, त्यामुळे मला ठाऊक होतं की गिऱ्हाइकाचा नेम चुकावा म्हणून तिच्या नळीवरचा काटा मुद्दाम वाकवलेला आहे. "मामा, मला दे." मी खारीच्या चार बोटं डावीकडे नेम धरला आणि चाप ओढला. ती धप्पकन खाली पडली. "वा गं पोरी!" मामा ओरडला. पण ती मेली नव्हती. कंबर मोडलेली, पुढच्या दोन पायांवर ती मातीतून स्वतःला ओढत होती, किंचाळत होती. "तू पाडलीस, आता तूच संपव," मामा म्हणाला. मी बंदूक उलटी धरून दस्ता हाणला. पहिल्या फटक्यानंतर तिने इवल्याशा हातांनी तो दस्ताच पकडला. तरी मी थांबले नाही, तीन वेळा हाणला. परवा जत्रेत माझ्या लेकीचे सगळे छर्रे वाया गेले. "आई, कुठे चुकतंय गं माझं?" तिने रडवेली होऊन विचारलं. मी म्हटलं, "कुणास ठाऊक."