आईची गोष्ट, आईच्याच बोलीत

बांबूवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आला की शिरगावच्या देवळासमोरचं ते अंगण आठवतं. मे महिन्यात गावचं वाचनालय तिथे दर रविवारी लेखकांची भाषणं आणि कथाकथन ठेवायचं. त्या रविवारी शहरातून आलेल्या एका लेखकांच्या आधी मी गोष्ट सांगणार होते. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आई स्वतः होडी घेऊन समुद्रात गेली, ती गोष्ट. "आय बोलली, मी जाते, मना कोन आडवते ते बगते," एवढं मी म्हटलं आणि त्या पाहुण्या लेखकांनी मला थांबवलं. "बाळ, शुद्ध मराठीत सांग. ऐकायला बरं वाटेल." समोर सगळी आमचीच कोळी माणसं बसली होती. पुढे बसलेल्या आईने मान खाली घातली, आणि माझं डोकंच फिरलं. "सर, गोष्ट माज्या आयची हाय," मी म्हणाले. "ती आशीच बोलते. मी बदलनार नाय." मग मी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, आधीपेक्षा मोठ्याने. आईने हळूहळू मान वर केली. आता माझी पुस्तकं छापून येतात. संपादक अजूनही आईची वाक्यं सुधारून पाठवतात. मी ती होती तशी करून परत धाडते.